टो-इन सर्फिंगचे प्रमाणपत्र: ओढण्याआधी उचलायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ मालवणजवळ चार हंगाम पर्यटकांना जेट स्कीवरून फिरवत आहेत. त्यांचा मावसभाऊ होनोलुलूला नोकरी करतो आणि बरीच वर्षे सर्फिंग करतो. येत्या हिवाळ्यात हवाईतील ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर या दोघांनी जोडीने टो-इन सर्फिंग करावे, म्हणजे यांनी जेट स्की चालवावी आणि भावाने दोरीला धरून मोठ्या लाटेवर जावे, असा बेत आहे. त्यासाठी कोणते प्रमाणपत्र लागते, ते किती दिवसांत मिळते आणि मालवणचा अनुभव तिथे धरला जातो का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. मी सतरा वर्षे बचावाची जेट स्की चालवतो, त्यातली शेवटची नऊ वर्षे इतर चालकांना शिकवतो, आणि ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर तीन हिवाळे काढले आहेत. त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

कागदांचे आधी सांगतो, कारण तो भाग तुलनेने सोपा आहे. हवाई राज्यात हा विषय भूमी व नैसर्गिक संसाधन विभागाच्या नौकानयन शाखेकडे आहे. तेथील नियमांत जेट स्कीला ‘थ्रिल क्राफ्ट’ म्हणतात आणि ती चालवणाऱ्याचे वय किमान १५ वर्षे असावे लागते. नोव्हेंबर २०१४ पासून राज्याच्या पाण्यात यांत्रिक नौका चालवणाऱ्यांना नौकासुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा पुरावा जवळ ठेवावा लागतो. हा पाया झाला. टो-इनसाठी त्यावर वेगळे प्रशिक्षण आणि वेगळे प्रमाणपत्र आहे, आणि ते चालक व सर्फर या दोघांनाही घ्यावे लागते. आपल्या प्रश्नात ‘मला’ कोणते प्रमाणपत्र लागेल असे विचारले आहे. भावालाही तेच लागेल, मग तो कितीही कसलेला सर्फर असो. शिवाय टो-इनला परवानगी असते ती अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने त्या किनाऱ्यासाठी ‘हाय सर्फ वॉर्निंग’, म्हणजे मोठ्या लाटांचा इशारा, जाहीर केलेली असते तेव्हाच. उत्तर किनाऱ्यावर ही सूचना लाटेची दर्शनी, म्हणजे समोरून दिसणारी, उंची साधारण २५ फुटांपर्यंत जाणार असेल तेव्हा निघते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हवाईतले जुने सर्फर लाट मागच्या बाजूने मोजतात आणि त्यांचा आकडा दर्शनी उंचीच्या जवळपास निम्मा असतो. त्यामुळे भावाने दूरध्वनीवर ‘बारा फूट आहे’ असे सांगितले, तर आपल्या डोळ्यांसमोर उभी राहणारी भिंत चोवीस-पंचवीस फुटांची असेल.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. लहान लाटांवर सराव करत करत मोठ्या लाटांकडे जाण्याची मुभा कायदा तेथे देत नाही. ज्या दिवशी सर्फरला दोरीने ओढत लाटांत शिरण्याची परवानगी मिळते, तो दिवस मुळातच मोठ्या लाटांचा असतो. म्हणून शिकण्यासारखे जे काही आहे ते त्या दिवसाच्या आधी आणि दुसरीकडे शिकून झालेले असावे लागते. कॅलिफोर्नियात मॅव्हरिक्स या मोठ्या लाटांच्या जागी तर मॉन्टेरे बे या राष्ट्रीय सागरी अभयारण्याचे स्वतःचे निर्बंध आहेत आणि जेट स्कीला फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, तेही मोठ्या लाटांची अधिकृत सूचना असतानाच प्रवेश मिळतो. जागा बदलली की नियम बदलतात. एका ठिकाणचा कागद दुसरीकडे चालेल असे धरून विमानाचे तिकीट काढू नये.

आता मालवणच्या अनुभवाविषयी. हा अनुभव मी कमी लेखत नाही, कारण यंत्राची ओळख, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणे, घाबरलेल्या प्रवाशाला शांत ठेवणे आणि दिवसाचे आठ तास उन्हात हँडल धरून उभे राहणे या गोष्टी वर्गात शिकवता येत नाहीत. पण आपल्याकडील जलक्रीडेचा हंगाम उधाण ओसरल्यावर सुरू होतो आणि पावसाळा जवळ आला की बंद होतो. म्हणजे समुद्र जेव्हा खरोखर उसळतो, त्या महिन्यांत आपल्या जेट स्की किनाऱ्यावर ताडपत्रीखाली असतात. आपले चार हंगाम हे सपाट पाण्यावरचे चार हंगाम आहेत. लाटा फुटत असलेल्या पाण्यात यंत्र कसे वागते हे त्यांतून कळत नाही, आणि टो-इनमध्ये कळायला हवे ते नेमके तेवढेच आहे.

जेट स्कीला सुकाणू नसते. इम्पेलर, म्हणजे आतला फिरता पंखा, खालच्या जाळीतून पाणी ओढतो, मागच्या नोझलमधून, म्हणजे तोटीतून, जोराने फेकतो, आणि हँडल वळवले की नोझल वळते. पाणी फेकले जात असेल तरच यंत्र वळते. थ्रॉटल, म्हणजे वेग देणारा खटका, सोडला की ज्या दिशेने जात होतो त्याच दिशेने आपण घसरत राहतो, हँडल कितीही वळवले तरी. अलीकडच्या काही यंत्रांत यावर थोडी मदत करणारी सोय असते, पण तिच्यावर विसंबू नये. अडचण अशी की समोर धोका दिसला की माणसाची बोटे आपोआप सैल होतात. रस्त्यावर वाहन चालवणाऱ्याला अंगवळणी पडलेली ती सवय आहे, आणि ती मोडायला माझ्या अनुभवात चांगल्या चालकालाही काही आठवडे लागतात.

दुसरी गोष्ट फेसाची. मोठी लाट फुटून गेल्यावर मागे जो पांढरा पट्टा राहतो, त्यात पाण्यात भरपूर हवा मिसळलेली असते. शेतावरचा पंप जसा हवा धरतो आणि मोटार नुसती गरगरते, तसाच इम्पेलर त्या फेसात गरगरतो. इंजिन ओरडते, पण यंत्र पुढे सरकत नाही. अननुभवी चालक त्या क्षणी थ्रॉटल पूर्ण दाबतो आणि हवा आणखीच ओढली जाते. थ्रॉटल थोडा सोडून पंपाला पाणी पकडू द्यावे, मग हळूहळू वाढवावे, हे सांगायला एक वाक्य पुरते. पण मागून दुसरी लाट उभी राहत असताना बोट सैल करण्याची हिंमत सरावाखेरीज येत नाही.

आता वेळेचा हिशेब पाहू. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. सुमारे १५ मीटर उंचीची लाट साधारण २० मीटर खोलीत फुटू लागते, आणि त्या खोलीवर तिचा वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर असतो. हाताने पाणी मारणारा सर्फर ताशी सात-आठ किलोमीटरने जातो. मोठ्या लाटेत यंत्राने ओढून न्यावे लागते ते यासाठी. लांबून आलेल्या हिवाळी लाटांमध्ये दोन लाटांचे अंतर १५ ते २० सेकंदांचे असते. सर्फर पडला की तो वर येईपर्यंत त्यातला मोठा भाग सरलेला असतो. उरलेल्या सात-आठ सेकंदांत चालकाने त्याला फेसात शोधायचे, गाठायचे, उचलायचे आणि बाहेर काढायचे असते. माझ्या मते टो-इनचे सगळे प्रशिक्षण या सात-आठ सेकंदांसाठी आहे. लाटेवर सोडणे हा त्यातला सोपा भाग आहे.

इतिहासही हेच सांगतो. १९९० च्या आसपास ब्रायन केआउलाना, टेरी आहुए आणि त्यांच्या ओआहूवरील जीवरक्षक सहकाऱ्यांनी जेट स्कीच्या मागे तरंगणारी बचाव-स्लेड (माणूस पालथा पडून राहील अशी मुठींची फळी) बांधून फुटत्या लाटांतून माणसे काढण्याची पद्धत बसवली. लेअर्ड हॅमिल्टन, बझी केरबॉक्स आणि डेरिक डोर्नर यांनी १९९२ च्या सुमारास आधी हवा भरलेल्या रबरी बोटीने आणि पुढे जेट स्कीने एकमेकांना लाटांवर ओढायला सुरुवात केली, आणि माऊई बेटावरच्या पेआही येथे या प्रकाराला आकार आला. म्हणजे माणूस उचलण्याचे कसब लाटेवर ओढण्याच्या आधी तयार झाले होते. शिकतानाही तोच क्रम ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

उचलण्याची क्रिया थोडी जवळून सांगतो. चालकाचा उजवा हात थ्रॉटलवर असतो आणि तो तिथून हलत नाही. म्हणून पाण्यातला माणूस नेहमी आपल्या डाव्या हाताला घ्यायचा. त्याने एक हात पाण्याबाहेर उंच धरायचा. चालकाने यंत्र थांबवायचे नाही. वेग कमी करून त्याच्या बाजूने सरकायचे, डावा हात खाली टाकायचा आणि मनगटाला मनगट पकडायचे. बोटांना बोटे कधीही नाही, ओल्या हातांत ती सुटतात. पकड लागली की चालकाने त्याला वर उचलू नये; थ्रॉटल किंचित वाढवला की यंत्राचा वेगच त्याला मागे स्लेडवर आणून टाकतो. त्याने दोन्ही हातांनी स्लेडच्या मुठी पकडायच्या, छाती खाली, पाय फाकलेले. तो स्लेडवर असल्याची खात्री मान वळवून करायची आणि मगच जोर द्यायचा. खात्री न करता निघालेला चालक रिकामी स्लेड घेऊन सुरक्षित पाण्यात पोहोचतो, आणि परत जायला तेव्हा वेळ नसतो. हीच क्रिया शुद्ध हरपलेल्या माणसावर करायची असेल तर सगळेच बदलते, कारण तो हात वर करत नाही आणि मूठ पकडत नाही. ती वेगळी शिकावी लागते, आणि शिकवणारे ती शिकवतात की नाही, हे प्रवेश घेण्याआधी विचारावे.

दोरीविषयी माझीच चूक सांगतो. शिकवायला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, एका खाडीच्या तोंडाशी, वारा नसताना आणि पाणी जेमतेम हलत असताना, मी सर्फरला सोडले आणि दोरी मागे तशीच तरंगत ठेवून वळलो. त्याच्याकडे परत येताना मी रिव्हर्स टाकला. इंजिनाचा आवाज एकदम जड झाला, खालून एक ठोका बसला आणि सगळे शांत. दोरी जाळीतून आत जाऊन इम्पेलरच्या दांड्याला घट्ट वेढली होती. मी किल-स्विचची, म्हणजे ओढताच इंजिन बंद करणाऱ्या कळीची, दोरी काढली, पाण्यात उतरलो, यंत्राखाली एका हाताने जाळी धरून दुसऱ्या हाताने दोरीचा एक-एक वेढा कापला. अकरा मिनिटे लागली. सर्फर शेजारी तरंगत गप्पा मारत होता, कारण तिथे लाट नव्हती. उत्तर किनाऱ्यावर त्या अकरा मिनिटांत पस्तीस-चाळीस लाटा आमच्या डोक्यावरून गेल्या असत्या. तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना सर्फरने मूठ सोडल्यावर मी पहिला प्रश्न एकच विचारतो: दोरी कुठे आहे? तरंगणारी दोरी, ती झटक्यात सुटेल असा हुक, आणि चालकाच्या जॅकेटला बांधलेला, एका हाताने उघडणारा चाकू या तीन गोष्टी नसतील, तर पाण्यात उतरू नये. चालकाकडे फिन्सही (पोहताना पायांत घालायचे रबरी पंख) हव्यात. यंत्र गेले की चालकही पोहणारा माणूस होतो.

किल-स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला नेहमी जोडलेली असावी. तिच्याशिवाय चालक पडला तर यंत्र त्याला सोडून निघून जाते, आणि तीन-चारशे किलोचे वजन फेसात कोणावर आदळेल याचा नेम नसतो. यंत्र उलटले तर ते कोणत्या बाजूने सरळ करायचे याचे चित्र मागच्या बाजूला चिकटवलेले असते; उलट दिशेने फिरवले की इंजिनात पाणी जाण्याची भीती असते. आपल्या हंगामी जेट स्कींवर ही चिकटपट्टी बहुधा उन्हाने उडालेली किंवा रंगाखाली गेलेली असते. उद्या सकाळी आपल्या यंत्रावर ती वाचता येते का, एवढे पाहून घ्यावे. स्लेडवर किंवा मागे बसणाऱ्याने जाड वेटसूटची पँट घातलेलीच असावी, कारण मागे पडल्यास नोझलच्या झोताने शरीराच्या आत गंभीर इजा होते. पर्यटकांना नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत मागे बसवले जाते तेव्हा मला फार अस्वस्थ वाटते.

सर्फरलाही प्रमाणपत्र कशाला, असा प्रश्न आपल्या भावाला पडेल. उत्तरासाठी पोर्तुगालमधील नाझारे येथील ११ फेब्रुवारी २०२० चा दिवस पाहावा. स्पर्धा सुरू असताना ॲलेक्स बोटेल्यो या सर्फरला चालक ह्यूगो व्हाऊ याने उचलून घेतले होते. दोघे बाहेर पडत असताना दोन लाटा एकमेकींवर आदळल्या, यंत्र हवेत फेकले गेले आणि दोघेही पाण्यात पडले. बोटेल्योची शुद्ध हरपली आणि त्याला इतरांनी किनाऱ्यावर आणून वाचवले. जो वाचवायला गेला तोही क्षणात पाण्यात होता. अशा वेळी रिकाम्या यंत्राजवळ जो आधी पोहोचेल त्याला ते सरळ करून चालवता आले पाहिजे, मग त्या दिवशी तो सर्फर असो की चालक. २८ ऑक्टोबर २०१३ रोजी नाझारेलाच माया गबेरा पडली. तिचा जोडीदार कार्लोस बुर्ले याला शेवटी पाण्यात उतरून तिला ओढत वाळूवर आणावे लागले, आणि वाळूवर तिला कृत्रिम श्वास व छातीवर दाब देऊन परत आणले गेले. जानेवारी २०२३ मध्ये त्याच किनाऱ्यावर टो-इन करताना मार्सिओ फ्रेरे हा ब्राझीलचा अनुभवी सर्फर मरण पावला.

यातून येतो तो प्रथमोपचाराचा भाग. ज्या दोन दिवसांच्या वर्गांत फक्त छातीवर दाब देणे शिकवतात, ते या कामाला पुरत नाहीत. बुडालेल्या माणसाचे हृदय बहुधा प्राणवायू न मिळाल्यामुळे थांबते, म्हणून त्याला आधी श्वास द्यावे लागतात. युरोपीय पद्धतीत सुरुवातीला पाच श्वास देतात, नंतर ३० दाब आणि २ श्वास असे चक्र चालू ठेवतात. मार्च २०११ मध्ये मॅव्हरिक्सला सायन मिलोस्की हा सर्फर मरण पावला, त्यानंतर डॅनिलो कौटो आणि कोल क्रिस्टेन्सन यांनी मोठ्या लाटांवरील सर्फरांसाठी ‘बिग वेव्ह रिस्क असेसमेंट ग्रुप’ सुरू केला. या गटाचे अभ्यासक्रम मित्राचा जीव गेल्याच्या दुःखातून उभे राहिले आहेत. लाटेचे वाचन, संघातील भूमिका, श्वास रोखणे आणि पुनरुज्जीवन हे सगळे त्यांत एकत्र येते. जेट स्की-बचावाच्या बाजूने शॉन अलादिओ यांच्या के-३८ या संस्थेचे नाव घ्यावे लागेल. या बाईंनी जगभर जीवरक्षकांना आणि टो-इन चालकांना घडवले आहे.

श्वास रोखण्याच्या सरावाबद्दल एक इशारा मनापासून देतो. तो एकट्याने, अगदी घरामागच्या विहिरीत किंवा तरणतलावातही, कधी करू नये. खोल व जलद श्वास घेऊन बुडी मारल्यास कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटत नाही, आणि कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध जाते. हवा भरणारे जॅकेट मिळते म्हणून हा सराव टाळू नये. त्यातील वायूची नळकांडी एकदाच वापरता येतात, आणि ती भरलेली आहेत की वापरलेली, हे प्रत्येक फेरीआधी हाताने पाहावे लागते.

आता आपला क्रम. पावसाळ्याआधी गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षण आणि यांत्रिक बोट हाताळणीचे अभ्यासक्रम होतात, ते दोन्ही करावेत. तारकर्लीची महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा व जलक्रीडा संस्था आपल्या घराजवळच आहे. तिथल्या प्रशिक्षकांशी बोलून घ्यावे. जिथे बचावाच्या जेट स्की नियमित चालतात अशा गोव्याच्या किनाऱ्यावरील जीवरक्षकांबरोबर काही दिवस काढता आले तर फार उत्तम, कारण फुटत्या पाण्यात शिरून परत येणारे चालक आपल्या भागात मुख्यतः तेच आहेत. आपल्या किनाऱ्यावर लाटांत सराव करायचा असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या परवानगीशिवाय आणि दुसरे यंत्र शेजारी असल्याशिवाय करू नये. कमरेएवढ्या लाटांत, माणसाऐवजी पाणी भरलेल्या डमीवर, डाव्या हाताने शंभर वेळा उचलणे झाल्यावरच जिवंत माणसाला पाण्यात उतरवावे.

किती दिवस लागतात, याचे माझे उत्तर असे: कागद काही दिवसांत मिळतो, पण येत्या हिवाळ्यात आपण भावाला दोरीने लाटेवर ओढू नये. ओआहूला मात्र जरूर जावे. नौकासुरक्षेचा आणि टो-इनचा असे दोन्ही अभ्यासक्रम दोघांनी एकत्र करावेत, आणि पहिली ‘हाय सर्फ वॉर्निंग’ निघेल तेव्हा एखाद्या अनुभवी जोडीला विचारून त्यांच्या सुरक्षा-यंत्रावर मागे, खोल पाण्याच्या चॅनलमध्ये, तिसरा माणूस म्हणून बसावे. काम एकच मागून घ्यावे: घड्याळ लावून प्रत्येक सेटमधील, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटातील, लाटांचे अंतर मोजायचे, आणि पडलेला प्रत्येक सर्फर कुठे वर आला ते बोटाने दाखवायचे. संध्याकाळी यंत्र गोड्या पाण्याने धुताना त्या जोडीतल्या चालकाला विचारावे, की आज कोणाला उचलायला जायचे नाही असे त्याने केव्हा ठरवले आणि काय पाहून ठरवले.